‘अपूर्वाई’ आणि आपली मतं

(दहावी, १९९८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळावा ठरला तेव्हा मराठीच्या बाईंना निमंत्रण द्यायला आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो होतो. बाई म्हणाल्या, “येईन गं. पण नुसते फोटो काढायला आणि जेवायला जमणार असाल तर माझं काय काम? सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून या आणि काय वाटलं ते चार ओळींत लिहून द्या.” पंचेचाळिशीला आलो तरी बाईंनी सांगितलेला गृहपाठ टाळायची आपली हिंमत नाही. पुस्तकही त्यांनीच सुचवलं, पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’. आलेले कागद एकत्र करून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं असं बाईंना अजून आठवतं. अक्षराचा आणि भाषणाचा संबंध काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आधी पुस्तकाबद्दल दोन शब्द. कारण काहींनी प्रामाणिकपणे लिहिलंय की “पुस्तक घरात आहे, वाचलेलं आठवत नाही, पण आवडलं होतं.”

पुलं १९५८ साली टेलिव्हिजनचं तंत्र शिकायला बीबीसीत गेले. आपल्याकडे तेव्हा टेलिव्हिजन यायचाच होता. दिल्लीत तो सप्टेंबर १९५९ मध्ये सुरू झाला. सुनीताबाई बरोबर होत्या. त्या मुक्कामावर त्यांनी ‘किर्लोस्कर’ मासिकात लेखमाला लिहिली आणि १९६० साली तिचं पुस्तक झालं. मराठीत प्रवासवर्णन तेव्हा नवं नव्हतं. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर १८८९ सालीच पुस्तक लिहिलं होतं. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चं. गंगाधर गाडगीळांचं ‘सातासमुद्रापलीकडे’ ‘अपूर्वाई’च्या एकच वर्ष आधीचं. पण परदेशात गेलेला मराठी माणूस स्वतःलाच इतकं हसतो आहे, असं पुस्तक वाचकांना नवं होतं. पुढे पूर्वेकडच्या देशांवरचं ‘पूर्वरंग’ आणि नंतर ‘जावे त्यांच्या देशा’ अशी त्याला भावंडं झाली.

आता तुमची मतं.

पहिला गट सर्वांत मोठा. “हसलो, मनापासून हसलो, आणखी काय लिहू?” अशा अर्थाचे कागद बरेच आहेत. निघण्याआधीची धांदल, फुकटचे सल्ले देणारी मंडळी, नवे कपडे अंगावर चढवल्यावर होणारी फजिती, लंडनची थंडी, इंग्रजांचा अबोलपणा हे बहुतेकांना आवडलंय. यातला एक कागद मी वेगळा काढलाय. आपला एक मित्र वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला घेऊन जायचा. चार तास खुर्चीत बसायचं, बोलायला विषय उरलेला नाही. त्यानं घरातली जुनी ‘अपूर्वाई’ नेली आणि रोज थोडी मोठ्यानं वाचू लागला. तो लिहितो, “शेजारच्या खुर्चीतले आजोबाही ऐकायला लागले. एकदा माझा दिवस बदलला, तर त्यांनीही बदलून घेतला, कारण पुढचं प्रकरण राहून गेलं असतं.” वडील आता नाहीत. पुस्तक वाचून संपलं होतं, एवढंच समाधान आहे, असं तो म्हणतो. हलकंफुलकं पुस्तक म्हणजे कमी वजनाचं पुस्तक, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं हा कागद वाचावा.

दुसरा गट म्हणतो, पुस्तक जुनं झालं. आपल्या आयटीवाल्या मित्रांचं हे मत आहे. माइंडस्पेसमध्ये बसून रोज रात्री लंडनशी बोलणाऱ्याला लंडनची अपूर्वाई ती काय? एकानं लिहिलंय, “माझी मुलगी हसली नाही. तिला कळेचना की परदेशी जाण्यात एवढं काय आहे. आम्ही गेल्या मे महिन्यात बालीला जाऊन आलो, चार रात्री पाच दिवस, पनीर टिक्क्यासकट.”

याचं म्हणणं मी सहज सोडून देणार नाही. पण त्याच्या मुलीला दोन गोष्टी सांगाव्यात असं वाटतं. १९५७ पासून देशात परकीय चलनाची मोठी टंचाई होती आणि बाहेर जाणाऱ्याला पैसे मोजूनमापून मिळत. पासपोर्ट हा तर नागरिकाचा हक्कच मानला जात नव्हता. सरकारच्या मर्जीवर तो मिळायचा. त्याचा रीतसर कायदा १९६७ साली झाला. त्यामुळे १९६० चा वाचक हे पुस्तक तिकीट काढण्याआधीची माहिती म्हणून वाचत नव्हता. आपण कधीच जाणार नाही हे माहीत असलेला माणूस ते वाचत होता. त्याच्या वतीनं कोणीतरी जाऊन आलं होतं, आणि आल्यावर तोरा न मिरवता आपली फजिती सांगत होतं. त्या हसण्यात केवढा तरी दिलासा होता. तो दिलासा आज लागत नसेल, तर ती आनंदाचीच गोष्ट आहे. विनोद मात्र त्यामुळे थोडा उघडा पडतो, हे मान्य.

तिसरं मत आपल्या इतिहास शिकवणाऱ्या मैत्रिणीचं. ती लिहिते, १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लंडनच्याच नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजमधून आलेल्या काळ्या लोकांवर हल्ले झाले, दंगली झाल्या. पुलं त्याच वर्षी त्याच शहरात होते. पुस्तकाचा भर मात्र नाटकं, संगीत, माणसांच्या लकबी यांवर आहे. “विनोदी लेखकाकडून दंगलीचा अहवाल मागणं चूक आहे हे मला कळतं,” ती म्हणते, “पण वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हसताना आपण कुठल्या बाजूच्या फुटपाथवर उभे आहोत?” बाईंनी या कागदावर लाल पेन्सिलीनं ‘छान’ लिहिलंय. असा शेरा मला दहावीत एकदाही मिळाला नव्हता, हे जाता जाता नोंदवते.

चौथा कागद इंग्लंडहून आला. लंडनजवळ औषधांच्या दुकानात काम करणारी आपली मैत्रीण ‘अपूर्वाई’वर दोनच ओळी लिहून थांबली आणि सोबत दुसऱ्याच पुस्तकावर तीन पानं लिहून पाठवली. जेराल्ड ड्यूरेल या लेखकाचं ‘माय फॅमिली अँड अदर अ‍ॅनिमल्स’. भूमध्य समुद्रातल्या कॉर्फू नावाच्या ग्रीक बेटावर १९३५ ते १९३९ या काळात हे कुटुंब राहिलं. जेराल्ड तिथे पोचला तेव्हा दहा वर्षांचा होता. पुस्तक १९५६ चं, म्हणजे ‘अपूर्वाई’च्या चार वर्षं आधीचं. आणि आपल्याला जवळचं वाटेल असं काही त्यात आहे. जेराल्डचा जन्म जमशेदपूरचा, त्याचा मोठा भाऊ लॉरेन्स जालंधरला जन्मला. वडील इथेच इंजिनिअर होते, ते १९२८ साली वारले आणि मग कुटुंब इंग्लंडला गेलं. बेटावर ज्यांनी या मुलाला किडे-पाखरं बघायला शिकवलं ते डॉक्टर थिओडोर स्टेफनायडीस तर आपल्या मुंबईत जन्मलेले.

पुस्तक अत्यंत विनोदी आहे. विधवा आई, तीन मुलगे, एक मुलगी, घरात विंचू, बाथटबमध्ये साप. ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांनी ते बेट डोक्यात कायमचं बसवून घेतलं. मैत्रीण मात्र एका गोष्टीपाशी अडली. पुस्तकात मोठा भाऊ लॉरेन्स सगळ्यांबरोबर एकाच घरात राहतो, सतत शेरे मारतो, पुस्तकातला निम्मा विनोद त्याच्यावर चालतो. प्रत्यक्षात त्याचं लग्न झालं होतं. तो आणि त्याची बायको नॅन्सी बेटाच्या दुसऱ्या भागात, कलामी गावात वेगळे राहत होते. पुस्तकात नॅन्सी नाही. अजिबात नाही. घर अधिक गमतीदार व्हावं म्हणून भावाला घरात आणलं आणि वहिनीला बेटावरूनच उचललं.

मैत्रीण विचारते, “तिनं ते पुस्तक वाचलं असेल तेव्हा ती कुठल्या पानावर हसली असेल?”

या एका प्रश्नानं माझं या भाषणाचं काम सोपं झालं. कारण मग मी पुन्हा ‘अपूर्वाई’ उघडली आणि बरोबरच्या माणसाला शोधू लागले. इथे सुनीताबाई आहेत. पुलंनी त्यांना गाळलेलं नाही. प्रवासाची शिस्त त्यांची, गबाळेपणा लेखकाचा. हसू येतं ते बहुतेक वेळा लेखकावर. पुलंच्या विनोदाची ही रीतच आहे. मार खायला ते आधी स्वतःचा गाल पुढे करतात, मग मराठी माणसाचा, आणि इंग्रजाचा सर्वांत शेवटी. इंग्रजांच्या देशात, स्वातंत्र्य मिळून जेमतेम अकरा वर्षं झालेली असताना, मनात कडवटपणा किंवा लाचारी दोन्ही येऊ न देता हसणं सोपं नव्हतं. बेचाळीसच्या चळवळीत भाग घेतलेली बाई तर शेजारीच होती.

पण सुनीताबाईंची बाजू वाचकाला कळायला आणखी तीस वर्षं जावी लागली. १९९० साली त्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं. आपल्यापैकी अनेकांच्या आयांनी ते वाचलं असेल आणि त्यावर घराघरात वादही झाले असतील. काही वाचकांना वाटलं, एवढं सगळं सांगायला नको होतं. काहींना वाटलं, बरं झालं सांगितलं. मला त्या वादात आज शिरायचं नाही. मला एवढंच दिसतं की ज्या घरातून मराठीतलं सर्वांत लाडकं हसू आलं, त्याच घरात ते हसू शक्य व्हावं म्हणून वेळापत्रक, हिशेब, चोखपणा सांभाळणारं दुसरं माणूस होतं. त्याला स्वतःच्या भाषेत सांगण्यासारखं बरंच काही होतं. ते पुस्तक आल्यावर ‘अपूर्वाई’ वाईट झाली का? माझ्या मते नाही. ती पूर्ण झाली. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली की त्या काळातली ती दोन माणसं उभी राहतात.

आता शेवटचा कागद. खरं तर तो कागदच नाही. दिवा गावातला आपला मित्र लिहायच्या भानगडीत पडला नाही. फ्लेमिंगोच्या मोसमात तो खाडीत होडीवर असतो, पक्षी बघायला येणाऱ्यांना नेतो-आणतो. मी त्याला भेटायला गेले तर म्हणाला, “पुस्तक वाचलं. बरं आहे. हसवतो चांगला. पण मला एक सांग, जो फिरायला जातो त्याचं पुस्तक होतं. ज्याच्या गावात लोक फिरायला येतात, त्याचं कुठे आहे?”

मी गप्प राहिले, म्हणून तोच पुढे बोलला. शनिवार-रविवारी माणसं येतात. चिखलाला नाक मुरडतात. निवट्या बघून किंचाळतात, चिंबोरीचा फोटो काढतात. नंतर त्यावर गमतीदार काहीतरी लिहितात. “लिहू दे की. मलाही हसू येतं. लाइफ जॅकेट उलटं घालून बसलेला साहेब बघितलास तर तूही हसशील. पण त्यांच्या लिहिण्यात मी ‘होडीवाला’ असतो. दोन तास बरोबर असतात, नाव विचारत नाहीत.”

मंडळी, हे बोलणं आपल्याला कुठे लागतं ते सांगते. आपण जेव्हा जेव्हा भेटतो तेव्हा ऐरोलीच्या जुन्या दिवसांच्या गमती सांगतो. त्या गमती म्हणजे आपलं तोंडी प्रवासवर्णनच. आपल्यातले बरेच जण सिडकोच्या वसाहतीत बाहेरून आलेले. कुणी डोंबिवलीहून, कुणी परळहून, कुणी थेट साताऱ्याहून. मुलुंडचा पूल १९९९ साली झाला, आपली दहावी झाल्यावर. ठाणे-वाशी लोकल २००४ साली आली. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी आणि तिच्यामागे पारसिकचे डोंगर. कॉर्फू नसलं तरी बेटच होतं ते. डास, गाळ, वाऱ्यावर येणारा कारखान्यांचा वास, संध्याकाळी सात नंतर न येणारी बस, हे आपण रंगवून रंगवून सांगतो आणि आपली मुलं हसतात.

पण ते बेट ओसाड नव्हतं. दिवा, ऐरोली, रबाळे, गोठिवली ही आगरी-कोळ्यांची जुनी गावं. तिथे मीठ पिकत होतं, भात होत होता, खाडीत जाळी पडत होती. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणकडे शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आपण पाचवीत ज्या बाकावर बसलो, त्या बाकावर शेजारी बसलेल्या मुलाच्या घरी हा विषय रोजच्या जेवणात होता. आपल्या घरी विषय होता तो पाण्याच्या टँकरचा. दोन्ही खरे. पण मेळाव्यात गेली पंचवीस वर्षं टँकरचाच किस्सा सांगितला जातो, कारण माइक टँकरवाल्यांकडे असतो.

म्हणून इतकी मतं वाचून मला जे वाटतं ते असं. हलकंफुलकं प्रवासवर्णन चांगलं की वाईट, हे त्यात किती माहिती आहे यावरून ठरत नाही आणि किती हसू आलं यावरूनही पुरतं ठरत नाही. त्या पुस्तकातल्या माणसाच्या हातात ते पुस्तक दिलं, तर तो आपल्याबरोबर हसेल का, एवढं बघावं. लंडनच्या एखाद्या म्हाताऱ्या घरमालकिणीला ‘अपूर्वाई’ वाचून दाखवली तर ती हसेल असं मला वाटतं, कारण पुलं तिच्यापेक्षा स्वतःला जास्त हसलेले आहेत. कॉर्फूतला टॅक्सीवाला स्पिरो हसेल, कारण ड्यूरेलनं त्याला नाव दिलं, बोलणं दिलं, राग आणि माया दिली. नॅन्सीचं मात्र सांगता येत नाही. तिला हसायला पानच दिलेलं नाही. विनोदात कुणाची टिंगल झाली, याची तक्रार पटकन होते. कोण पुस्तकातच नाही, याची तक्रार करायलाही कुणी उरत नाही.

यावर आपला आयटीवाला मित्र म्हणेल, “बाई गं, प्रत्येक विनोदाआधी सगळ्यांची परवानगी घेत बसलो तर हसणार कधी?” बरोबर आहे. परवानगी कुणी मागू नये. दिव्याच्या मित्रानंही ती मागितलेली नाही. त्यानं फक्त म्हटलं, नाव विचारा. पुलंचं मोठेपण मला तिथेच दिसतं. ज्या माणसानं ‘व्यक्ती आणि वल्ली’ लिहिली, त्याला समोरच्या माणसाचं नाव, बोलण्याची ढब, त्याची एखादी दुखरी जागा टिपल्याशिवाय विनोद सुचतच नसे. ‘अपूर्वाई’त देश इंग्लंड असला तरी सवय तीच. म्हणून सहा दशकांनंतर धुक्याची वर्णनं फिकी वाटली तरी माणसं टिकून आहेत.

आता कामाचं. आपली स्मरणिका पुढच्या महिन्यात छापायला जाणार आहे. संपादक मंडळाकडे आलेले लेख मी पाहिले. सहलीवर नऊ लेख आहेत आणि त्यांतल्या सातांमध्ये बस बंद पडलेली आहे. मजेदार आहेत, सगळे घ्या. पण खाडीपलीकडून, गावातून, शेवटच्या बाकावरून एकही लेख नाही. सहलीचे पैसे भरता आले नाहीत म्हणून त्या दिवशी घरी राहिलेली मुलं आपल्या वर्गात होती. त्यांच्यासाठी त्या दिवशी शाळा कशी होती? बस बंद पडली तेव्हा डबे वाटून खाल्ले असं सगळ्यांनी लिहिलंय. ते डबे करणाऱ्या आयांपैकी काही जणी अजून ऐरोलीत आहेत, त्यांना पहाटे किती वाजता उठावं लागलं होतं ते विचारा. आपले शिपाईमामा तर सातही लेखांत आहेत, धावपळ करताना, ओरडताना, घसरताना. त्यांचं पूर्ण नाव एकाही लेखात नाही.

दिव्याच्या मित्राला मी चार पानं राखून ठेवलीत असं सांगितलंय. तो म्हणाला, लिहिणार नाही, बोलेन. तू लिहून घे, पण मध्ये मध्ये सुधारू नकोस. मी कबूल केलंय. बाईंनी त्यावर अट घातलीय की शुद्धलेखन त्या तपासणार. म्हणजे हा करार आता आमच्या दोघांच्या हातात राहिलेला नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी अजून काहीच लिहिलेलं नाही, त्यांनी या पंधरा दिवसांत द्या. एक पान चालेल. हसवणारं द्या, नक्की द्या. फक्त लिहिताना त्या दिवशी तुमच्या शेजारी कोण उभं होतं ते आठवा, त्याला फोन करा, आणि त्याला ते कसं आठवतं ते विचारा. त्याची आठवण तुमच्याशी जुळली नाही, तर दोन्ही छापू.

बाई, गृहपाठ वेळेत दिलाय. तपासून द्या.